चाचणी घेणाऱ्याच्या हाताचे रक्षण
क्षेत्रीय विद्युत चाचणी, सुरक्षा साधने आणि त्यांची देखभाल

वीजवाहिनी उभारणारा कामगार व त्या वाहिनीची चाचणी घेणारा तंत्रज्ञ हे दोघेही विजेच्या सान्निध्यात वावरत असले तरी त्यांच्या कामाच्या स्वरूपात एक मूलभूत फरक आहे. पहिल्याला काय करावयाचे ते आराखड्यावरून ठाऊक असते. दुसऱ्याला मात्र जेथे काही तरी बिघडलेले आहे, अथवा बिघडले असावे असा संशय आहे, तेथेच बोलावणे येते. रोहित्राचे तेल काळे पडले, केबलमध्ये दोष निर्माण झाला, मापक कमी नोंद दाखवू लागला, घरातील नळाला हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या, म्हणजे चाचणी पथकाची आठवण होते. बिघाड याचा अर्थच असा की एखादा भाग जसा असावयास हवा तसा तो नाही. म्हणून ‘हा भाग बंद असणारच’ किंवा ‘हे आवरण अर्थ केलेले असणारच’ असे गृहीत धरून पुढे जाण्याची मुभा या तंत्रज्ञाला इतर कोणाहूनही कमी असते. शिवाय त्याच्या हातातील काही उपकरणे स्वतःच उच्च दाबाची वीज निर्माण करतात. प्रस्तुत लेखात या कामातील धोके कोठे दडलेले असतात व त्यांपासून रक्षण करणारी साधने खरोखर केव्हा उपयोगी पडतात याचा विचार केला आहे. तो तंत्रज्ञांपुरता मर्यादित नाही. ग्रामस्थांचे जनित्र, कार्यालयातील भांडारनोंद आणि शाळेतील प्रयोगाचा तास यांचाही त्याच्याशी संबंध येतो.

प्रथम प्रवाहाचे परिमाण लक्षात घेऊ. शरीरातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह गेला की मुंग्या आल्याची जाणीव होते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात व धरलेली तार सोडवत नाही. ३० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर श्वसन व हृदयक्रिया धोक्यात येऊ शकते, आणि त्यापुढे हृदयाचे ठोके विस्कटून मृत्यू ओढवण्याची शक्यता झपाट्याने वाढते. देवघरात रात्रभर जळणारा १५ वॅटचा साधा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ६५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो, हे शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे. जेवढ्या विजेने देवापुढचा मंद दिवा कसाबसा उजळतो, तेवढी वीज माणसाचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्टच्या स्पर्शाने २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ‘फक्त घरगुती दाब आहे’ हे वाक्य चाचणी पथकाच्या तोंडी शोभणारे नाही. गोव्यासारख्या प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात कपडे, पादत्राणे व त्वचा ही सदैव दमट असतात. या महिन्यांत माडाच्या झावळ्या व झाडांच्या फांद्या तारांवर पडून बिघाडही सर्वाधिक होतात. म्हणजे ज्या दिवसांत काम वाढते त्याच दिवसांत शरीराचा रोध घटतो.

बंद केलेली व मृत झालेली वाहिनी

वीजपुरवठा बंद करणे आणि वाहिनी मृत झाल्याची खात्री करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुर्दैवाने व्यवहारात त्या एकच समजल्या जातात. उपकेंद्रातील ब्रेकर उघडला, त्यानंतर आयसोलेटर अथवा जी. ओ. स्विच उघडला, कुलूप लावले, ‘माणसे काम करीत आहेत’ असा फलक टांगला, आणि रीतसर लेखी परमिट हाती आले, येथपर्यंतचा भाग बहुतेक ठिकाणी पाळला जातो. परंतु जी. ओ. स्विचचा दांडा खाली ओढला म्हणजे तिन्ही पाती सुटलीच असे नाही. खाऱ्या हवेने गंजलेल्या सांध्यात एखादे पाते अडकून राहते आणि दोन फेज मृत असताना तिसरी जिवंत असते. खांबाखाली उभे राहून तिन्ही पात्यांमधील मोकळे अंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याविना पुढे जाऊ नये. त्याचप्रमाणे ‘दहा वाजता बंद करा, बारा वाजता सुरू करा’ अशी घड्याळावर ठरलेली तोंडी व्यवस्था कितीही सोयीची वाटली तरी सर्वथा त्याज्य आहे. ज्याने परमिट घेतले त्यानेच, आपली सर्व माणसे व अवजारे बाजूला झाल्याचे पाहून, ते लेखी परत करावयाचे असते.

यानंतर तपासणी. लघुदाबाच्या ठिकाणी या तपासणीची रीत तीन पायऱ्यांची आहे. दर्शक अथवा मापक यंत्र आधी जिवंत असल्याचे ठाऊक असलेल्या ठिकाणी लावून चालते आहे ना ते पाहावे, मग कामाच्या जागी प्रत्येक फेज व न्यूट्रल तपासावे, आणि शेवटी तेच यंत्र पुन्हा जिवंत ठिकाणी लावून पाहावे. तिसरी पायरी अनेकांना अनावश्यक वाटते. परंतु दुसऱ्या पायरीवर यंत्राची घटमाला संपली किंवा तार आतून तुटली, तर ते शून्यच दाखवील, आणि ते शून्य सुरक्षिततेचे नसून यंत्राच्या मृत्यूचे असेल. खिशातील निऑन दिव्याचा स्क्रू-ड्रायव्हर या कामास वापरू नये. तो तंत्रज्ञाच्या शरीरातूनच सूक्ष्म प्रवाह नेऊन उजळतो, भर उन्हात त्याचा प्रकाश दिसत नाही, आणि माणूस कोरड्या लाकडी शिडीवर उभा असेल तर तो उजळेलच याची शाश्वती नसते. उच्चदाब वाहिनीसाठी विद्युतरोधक दांड्यावरील, त्या दाबासाठी बनविलेला दर्शकच हवा.

वाहिनी मृत असल्याचे सिद्ध झाल्यावर डिस्चार्ज रॉडने ती अर्थ करावी. रॉडच्या तारेचे टोक आधी जमिनीतील अर्थला घट्ट जोडावयाचे आणि नंतर दांडा धरून दुसरे टोक वाहिनीला लावावयाचे. काढताना क्रम उलट. हा क्रम चुकून आधी वाहिनीला हुक अडकविला, तर हातातील मोकळे टोक वाहिनीच्या दाबावर येऊ शकते. अर्थिंग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना असावे, कारण वीज केवळ उपकेंद्राकडूनच येते असे नाही.

येथे ग्रामस्थांशी संबंध येतो. पुरवठा खंडित झाल्यावर अनेक घरांत, दुकानांत व पोल्ट्री शेडमध्ये जनित्र सुरू होते. ते चेंज-ओव्हर स्विचमधून न जोडता नुसती दोन टोकांची तार प्लगमध्ये खुपसून जोडले असेल, तर त्याची वीज घराच्या मापकातून मागे लघुदाब तारांवर व तेथून रोहित्रात जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते हे शाळेतील विद्यार्थीही जाणतो. ११,००० व ४३३ व्होल्टच्या रोहित्रात लघुदाब बाजूला फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट मिळाले, तर उच्चदाब बाजूला सुमारे १०,००० व्होल्ट निर्माण होऊ शकतात. पुष्कळदा शेजाऱ्यांच्या घरांचा भार अंगावर येऊन लहान जनित्र बंद पडते, हे खरे. पण फ्यूज काढून ठेवलेल्या, भार सुटलेल्या वाहिनीवर तेही होत नाही, आणि चाचणी नेमकी अशाच वाहिनीवर चालू असते. हल्ली छपरावर सौर पॅनेल आली आहेत. ग्रिडला जोडलेला प्रमाणित इन्व्हर्टर पुरवठा जाताच आपोआप थांबतो. बॅटरीसह केलेल्या, स्थानिक वायरमनने आपल्या अकलेने जोडलेल्या व्यवस्थेबद्दल तसे खात्रीने म्हणता येत नाही. चेंज-ओव्हर स्विचचा खर्च जनित्राच्या किमतीपुढे नगण्य आहे. तो न बसविणारा गृहस्थ स्वतःच्या घरात सुरक्षित असतो, धोका खांबावरच्या अनोळखी माणसाला असतो. कदाचित म्हणूनच या बाबतीत इतकी बेफिकिरी दिसत असावी.

उपकरणांतून उद्भवणारे धोके

मल्टिमीटर ही दिसावयास खेळण्यासारखी वस्तू. १०० केव्हीए क्षमतेच्या, ४.५ टक्के इम्पिडन्स असलेल्या वितरण रोहित्राचा लघुदाब बाजूचा पूर्णभार प्रवाह सुमारे १३३ अँपिअर असतो. त्याच्या टर्मिनलवर शॉर्ट सर्किट झाले तर तो सुमारे ३००० अँपिअरपर्यंत जातो. तंत्रज्ञाने आधी प्रवाह मोजला, तारेचे टोक अँपिअरच्या भोकातच राहिले, आणि तशीच दोन्ही टोके फेज-फेजला लावली, तर ते मल्टिमीटरच शॉर्ट सर्किट बनते. अशा वेळी उठणाऱ्या ज्वालेचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहूनही अधिक असू शकते. चांगल्या मल्टिमीटरमध्ये यासाठी उच्च खंडनक्षमतेचा, वाळू भरलेला फ्यूज असतो. तो एकदा उडाल्यावर बाजारातील काचेचा स्वस्त फ्यूज अथवा तांब्याची केसासारखी तार घालणे म्हणजे त्या यंत्राचे संरक्षण काढून टाकणे होय. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्रावर व त्याच्या तारांवर ‘कॅट २’, ‘कॅट ३’, ‘कॅट ४’ असे वर्ग छापलेले असतात. घरातील सॉकेटला कॅट २, वितरण फलकाला कॅट ३, आणि मापक, सेवावाहिनी वा रोहित्राच्या लघुदाब टर्मिनलला कॅट ४ हा वर्ग लागतो. वरच्या वर्गाच्या यंत्राला खालच्या वर्गाच्या तारा जोडल्या तर संपूर्ण संच खालच्या वर्गाचा ठरतो.

मेगरविषयी अधिक विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण ज्या वाहिनीला सर्व बाजूंनी तोडून निर्धोक केले आहे तिच्यातच हे यंत्र वीज भरते. केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर होय. तिची धारिता दर किलोमीटरला ०.३ मायक्रोफॅरड धरली व ५००० व्होल्टच्या मेगरने एक किलोमीटर केबल तपासली, तर पावणेचार जूल ऊर्जा तिच्यात साठते. हीच केबल १८,००० व्होल्टच्या एकदिश दाबाने तपासली तर ४८ जूलहून अधिक. हा धक्का प्राणघातक ठरू शकतो, आणि शिडीवर असलेल्या माणसाला तर पहिल्या प्रकारचा हिसकाही खाली पाडण्यास पुरतो. याहून फसवी गोष्ट अशी की केबल क्षणभर अर्थला टेकवून ठिणगी उडालेली पाहिली म्हणजे ती रिकामी झाली असे नसते. विद्युतरोधक थरात मुरलेला भार हळूहळू परत वर येतो आणि काही मिनिटांनी तीच केबल पुन्हा धक्का देते. म्हणून चाचणी जितका वेळ चालली त्याच्या किमान चौपट वेळ केबल अर्थला जोडलेली ठेवावी, हा नियम आहे. दहा मिनिटांची चाचणी, चाळीस मिनिटांचे डिस्चार्ज. घाईच्या दिवशी हीच चाळीस मिनिटे प्रथम कापली जातात. शिवाय केबलचे दुसरे टोक शंभर-दोनशे मीटरवर, कदाचित एखाद्या कंपाउंडपलीकडे असते. तेथे जबाबदार माणूस उभा केल्याशिवाय मेगरची कळ दाबू नये.

अर्थिंगचा रोध मोजणे हे काम निरुपद्रवी मानले जाते, आणि नवशिक्या सहायकाकडे सोपविले जाते. गोव्यातील व कोकणातील सड्यांवरच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नाही व अर्थचा रोध पावसाळ्यातील नोंदीपेक्षा बराच चढतो. म्हणून ही चाचणी कोरड्या दिवसांत घेणे योग्यच आहे. परंतु चाचणीसाठी अर्थची पट्टी रोहित्रापासून सोडविताना तिच्यातून त्या क्षणी प्रवाह वाहत असू शकतो. असमतोल भाराचा प्रवाह न्यूट्रलमधून अर्थकडे जात असेल, अथवा कोठे तरी फेज अर्थला लागली असेल, तर सोडविलेल्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये घातक दाब उभा राहतो, आणि तंत्रज्ञाचा एक हात एका टोकावर व दुसरा दुसऱ्यावर असतो. न्यूट्रल किमान दोन स्वतंत्र अर्थना जोडलेले असावे असा नियम आहे. तेव्हा एका वेळी एकच सोडवावी, ती सोडविण्यापूर्वी टाँग टेस्टरने तिच्यातील प्रवाह पाहावा, आणि शक्य असेल तेथे पुरवठा बंद करूनच काम करावे. वादळाची चिन्हे असताना जमिनीत खुंट्या ठोकून लांब तारा पसरू नयेत हे निराळे सांगावयास नको.

मोठ्या ग्राहकांच्या मापकांची चाचणी घेणाऱ्यांना करंट ट्रान्सफॉर्मरचा नियम पाठच असतो: प्राथमिक बाजूने प्रवाह वाहत असताना त्याची दुय्यम बाजू कधीही उघडी करू नये. उघडी पडली तर त्या लहानशा टर्मिनलवर हजारो व्होल्टचे दाब उसळू शकतात. टेस्ट टर्मिनल ब्लॉकवरील शॉर्टिंग पट्ट्या आधी लावून घट्ट केल्यानंतरच मापक सोडवावा. पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचा नियम याच्या नेमका उलट, त्याची दुय्यम बाजू शॉर्ट करावयाची नाही.

हातमोजे व इतर साधने

आता साधनांकडे वळू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ३६ अन्वये वाहिन्यांवर काम करणाऱ्यास हातमोजे, रबरी बूट, सुरक्षा पट्टा, शिडी, अर्थिंगची साधने, शिरस्त्राण, लाइन टेस्टर इत्यादी पुरविणे बंधनकारक होते. त्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली व २०२३ साली त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. पुरवठ्याचे बंधन मात्र अखंड चालत आले आहे. तरीही पुरवठा होणे आणि रक्षण होणे यांत जे अंतर पडते, ते बहुधा भांडारात पडते.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘रबरी हातमोजे, जोडी १’ अशी नोंद असते. वार्षिक पडताळणीत अधिकारी जोडी मोजतात, ती भरते, आणि ‘बरोबर’ अशी खूण होते. ती जोडी खुंटीवर उन्हात लटकत होती की घडी घालून पकडींच्या खाली दडपलेली होती, तिची शेवटची विद्युत चाचणी केव्हा झाली, हे त्या रकान्यात कोठेच येत नाही. रबर ऊन, तेल, उष्णता व घडी यांनी तडकते, आणि तडा डोळ्यांस दिसण्यापूर्वीच त्याची रोधकता गेलेली असते. असे हातमोजे मुळीच नसण्यापेक्षा वाईट म्हटले पाहिजेत. उघड्या हाताचा माणूस निदान सावध असतो.

आंतरराष्ट्रीय मानकात हातमोज्यांचे वर्ग ठरलेले आहेत. वर्ग ० हा १००० व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी असून त्याची चाचणी ५००० व्होल्टने होते. वर्ग १ हा ७५०० व्होल्टसाठी, चाचणी १०,००० व्होल्टने. वर्ग २ हा १७,००० व्होल्टसाठी, चाचणी २०,००० व्होल्टने. ११ केव्हीच्या ठिकाणी जी. ओ. स्विचचा दांडा चालविताना, दर्शक अथवा डिस्चार्ज रॉड हाताळताना वर्ग २ चे हातमोजे असावेत. जिवंत तारेला हात लावण्याचा तो परवाना नव्हे. वर्ग १ व त्यावरील हातमोज्यांची विद्युत चाचणी सहा महिन्यांतून एकदा प्रयोगशाळेत व्हावी आणि तिची तारीख मनगटाच्या पट्टीवर लिहिलेली असावी. तारीख नसलेली जोडी बाद समजावी, मग ती कितीही नवी दिसो.

दररोजची तपासणी मात्र तंत्रज्ञाने स्वतः करावयाची आहे. हातमोज्याचे तोंड दोन्ही हातांनी पकडून मनगटाकडून बोटांकडे गुंडाळत न्यावे, म्हणजे आत अडकलेल्या हवेने बोटे फुगतात. मग तो गालाजवळ व कानाजवळ धरून दाबावा. सूक्ष्म छिद्रातून निघणारी हवा गालाला लागते व बारीक सूं असा आवाज येतो. नंतर आतली बाजू उलटून पुन्हा तसेच करावे. अर्धे मिनिट लागते. रबरी हातमोज्यावर चामड्याचा हातमोजा हवा, कारण तारेचा एक काटा रबराला भोक पाडण्यास पुरेसा आहे. घामाने आतील बाजू ओली झाली असेल तर धुऊन सावलीत वाळवावी, टाल्कम पावडर लावावी, आणि जोडी पिशवीत सरळ, न दुमडता ठेवावी. पावसाळ्यात दोन जोड्या आलटून पालटून वापरणे श्रेयस्कर ठरते.

इतर साधनांबद्दल थोडक्यात. जिवंत फलकासमोर उभे राहणाऱ्याने संपूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. नायलॉन व पॉलिएस्टर ज्वालेने वितळून कातडीला चिकटतात, आणि पावसाळ्यात अंगावर राहिलेला प्लॅस्टिकचा रेनकोट हा त्याचाच प्रकार आहे. फलकाच्या दाराशी येण्यापूर्वी तो काढून ठेवावा. चेहऱ्यावर ढाल किंवा निदान चष्मा असावा. घड्याळ, अंगठी, गळ्यातील साखळी घरीच बरी. पायाखाली भारतीय मानक १५६५२ प्रमाणे बनलेली विद्युतरोधक चटई असावी, साधी रबरी पायपुसणी नव्हे. शिडी बांबूची किंवा फायबर ग्लासची. ॲल्युमिनिअमची शिडी हलकी म्हणून आवडते, पण ती विजेच्या कामास वर्ज्य आहे.

धक्का लागल्यास

एवढे करूनही अपघात घडू शकतो. लघुदाबाचा पुरवठा ताबडतोब बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला तारेपासून दूर ढकलावे. ११ केव्ही किंवा अधिक दाबाच्या ठिकाणी हे करू नये. उपकेंद्राला कळवून वाहिनी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी जवळ जाऊ नये. जमिनीवर पडलेल्या तारेभोवतीची जमीनही भारित असते आणि दोन पावलांच्या अंतरात धक्का बसू शकतो. माणूस सुटा झाल्यावर तो प्रतिसाद देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला कळवावे आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाब देण्यास सुरुवात करावी. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावा, आणि शिकलेला माणूस असेल तर दर ३० दाबांनंतर दोन कृत्रिम श्वास द्यावेत. उपकेंद्रांत स्थानिक भाषेतही प्रथमोपचाराचा तक्ता लावण्याचा नियम जुना आहे. परंतु अनेक भिंतींवरील तक्ते रुग्णास पालथे घालून पाठीवर दाब देण्याच्या कालबाह्य पद्धतीचेच आहेत. ते उतरवून नवे लावावेत, आणि पथकातील प्रत्येकाने छातीवर दाब देण्याचा सराव वर्षातून एकदा तरी बाहुलीवर केलेला असावा. धक्का लागून उठून बसलेल्या, ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्या माणसालाही रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकास २४ तासांच्या आत द्यावयाची असते. त्या वेळी हातात असलेले हातमोजे, मल्टिमीटर, तारा व डिस्चार्ज रॉड धुऊन पुसून भांडारात परत करू नयेत. ती साधने ज्या स्थितीत होती त्या स्थितीत, तारीख व जागेची नोंद करून, निरीक्षक येईपर्यंत बाजूला ठेवावीत.